तारमास्तराने लिहिलेल्या चार ओळी

विद्युत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना सर्वांत अवघड विषय कोणता असे विचारले, तर बरेच जण विद्युतचुंबकीय क्षेत्रांचे नाव घेतात. आम्ही हा विषय शिकलो तेव्हा पहिल्याच तासाला फळ्यावर चार समीकरणे आली. 'ही मॅक्सवेलची समीकरणे' असे सांगण्यात आले आणि पुढे सत्रभर आम्ही उलटे त्रिकोण वहीत उतरवून घेत राहिलो. परीक्षेत उत्तीर्ण झालो, पण ही समीकरणे कुणाला आणि कशासाठी हवी होती, हे मात्र कळले नाही. पुढे या विषयाचा इतिहास वाचला तेव्हा कळले. शिवाय त्या रूपात ती मॅक्सवेलने लिहिलीच नव्हती, हेही कळले!

सुरुवात शाळेतल्याच प्रयोगापासून करू. चुंबकावर कागद ठेवून लोहकीस भुरभुरला की वक्ररेषा उमटतात. मायकेल फॅरेडे या रेषांकडे वेगळ्या नजरेने पाहत असे. त्याच्या मते खरी घडामोड चुंबकात किंवा तारेत नसून भोवतालच्या अवकाशात होती. पुस्तकबांधणीची उमेदवारी केलेल्या फॅरेडेला गणित येत नव्हते, त्यामुळे पुष्कळ विद्वानांनी त्याची ही कल्पना फारशी मनावर घेतली नाही. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने ती घेतली. १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात या क्षेत्राचे गणित वीस राशी आणि वीस समीकरणांत मांडलेले आहे. प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे, हा निष्कर्षही त्यातच आहे. १८७३ मध्ये त्याचा दोन खंडांचा मोठा ग्रंथ आला आणि १८७९ साली, वयाच्या ४८ व्या वर्षी, मॅक्सवेल वारला. तो ग्रंथ पुरता समजलेली माणसे तेव्हा फार थोडी होती.

तो समजून घ्यायचा चंग बांधला एका तारमास्तराने. ऑलिव्हर हेविसाइडचा जन्म १८५० सालचा, लंडनमधल्या गरीब घरातला. लहानपणी आलेल्या तापाने त्याला ऐकू कमी येई. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. तारयंत्राच्या जनकांपैकी एक असलेले चार्ल्स व्हीटस्टन हे त्याच्या मावशीचे यजमान, त्यामुळे तो तारेच्या धंद्यात शिरला. काही काळ डेन्मार्कमध्ये आणि मग न्यूकॅसलला त्याने नोकरी केली. तिथे असताना मॅक्सवेलचा ग्रंथ त्याच्या हाती पडला. शाळेतले बीजगणित आणि त्रिकोणमिती, तेही बरेचसे विसरलेले, एवढेच त्याचे भांडवल! चोविसाव्या वर्षी नोकरी सोडून तो आईवडिलांकडे परतला आणि खोलीत बसून अभ्यास करू लागला. यात बरीच वर्षे गेली. पुन्हा नोकरी त्याने कधीच केली नाही.

पण तारमास्तराला याची गरज का भासावी? त्यासाठी समुद्रातल्या तारांकडे पाहिले पाहिजे. १८५८ साली अटलांटिकखालून पहिली तार टाकली गेली, तेव्हा व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पोहोचायला सोळा तास लागले. एका टोकाला दिलेला टोकदार ठोका दुसऱ्या टोकाला पसरट होऊन निघे. पुढे टेलिफोन आला आणि अडचण वाढली. बोलण्यात उंच आणि खालचे असे अनेक स्वर मिसळलेले असतात. लांब केबलमध्ये उंच स्वर अधिक वेगाने जातात, पण अधिक क्षीणही होतात. मग आवाज येतो, शब्द मात्र कळत नाही.

या तारांकडे बहुतेक अभियंते नळासारखे पाहत होते. तार म्हणजे नळ आणि वीज म्हणजे पाणी. ही उपमा आपणही वर्गात वापरतो, आणि मंडल समजावताना ती उपयोगी पडते हे खरे. पण टॉर्चच्या तारेतले इलेक्ट्रॉन सेकंदाला मिलिमीटरच्या अंशाइतकेच सरकतात. मग बटण दाबताच दिवा कसा लागतो? नळ आधीच भरलेला आहे, इतके उत्तर ही उपमा देते. ऊर्जा कुठून गेली, या प्रश्नाला मात्र ती चुकीचे उत्तर देते. १८८४ मध्ये जॉन पॉइंटिंगने, आणि स्वतंत्रपणे हेविसाइडने, दाखवून दिले की ही ऊर्जा तारेच्या पोटातून नव्हे, तर तारेभोवतीच्या क्षेत्रातून जाते. तार तिला फक्त वाट दाखवते. क्षेत्रातली जी थोडी ऊर्जा तारेत शिरते, ती तार तापवण्यात खर्ची पडते. फॅरेडेची भोवतालच्या अवकाशाची कल्पना आता थेट टपालखात्याच्या खांबांपर्यंत आली होती.

हे सगळे हाताळायला वीस समीकरणे सोयीची नव्हती. १८८४-८५ च्या सुमारास हेविसाइडने त्यांतल्या साहाय्यक राशी बाजूला सारल्या, विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रे मध्यभागी ठेवली आणि सदिशांच्या भाषेत सगळे चार ओळींत आणले. अमेरिकेत गिब्जनेही याच सुमारास सदिशांचे गणित उभे केले होते. आमच्या वहीतले उलटे त्रिकोण आले ते या वाटेने.

१८८७ मध्ये हेविसाइडने तारेचा निकाल लावला. तारेचा रोध आणि तिचे स्वयंप्रवर्तन यांचे जे गुणोत्तर, तेच जर विद्युतगळती आणि धारकता यांचे असेल, तर सर्व स्वर सारख्याच वेगाने जातात आणि सारखेच क्षीण होतात. आवाज लहान होईल, पण बिघडणार नाही. प्रत्यक्ष केबलमध्ये स्वयंप्रवर्तन फार कमी पडते, तेव्हा ते मुद्दाम वाढवावे, असे त्याचे म्हणणे. ब्रिटिश टपालखात्यातले विजेचे वरिष्ठ अधिकारी विल्यम प्रीस यांचे मत नेमके उलट होते. स्वयंप्रवर्तन घातक, ते कमी करायला हवे! ऑलिव्हरचा भाऊ आर्थर त्याच खात्यात अभियंता होता. दोघांनी मिळून लिहिलेल्या निबंधाला प्रीसनी परवानगी नाकारली. 'इलेक्ट्रिशियन' साप्ताहिकाचा संपादकही त्याच वर्षी बदलला आणि ऑलिव्हरची लेखमाला बंद पडली. प्रीस अडाणी नव्हते, कामाचा अनुभव त्यांच्याकडे भरपूर होता. पण नळाचे चित्र डोळ्यांसमोर असलेल्या माणसाला, अडथळ्यासारखी दिसणारी गोष्ट वाढवल्याने वाहतूक सुधारेल, हे पटावे तरी कसे?

१८८८ मध्ये जर्मनीत हर्ट्झने प्रयोगशाळेत विद्युतचुंबकीय लहरी निर्माण केल्या. आता मॅक्सवेल नाकारणे कठीण होते. १८९१ मध्ये हेविसाइड रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. तारेत ठराविक अंतरावर वेटोळी बसवून स्वयंप्रवर्तन वाढवण्याची युक्ती १८९९-१९०० च्या सुमारास अमेरिकेत कॅम्पबेल आणि प्युपिन यांनी अमलात आणली. प्युपिनचे पेटंट टेलिफोन कंपनीने मोठी रक्कम मोजून घेतले. हेविसाइडने पेटंट घेतलेलेच नव्हते.

इंडक्टन्स, इम्पीडन्स, कंडक्टन्स, पर्मिएबिलिटी हे इंग्रजी शब्द त्याने रूढ केलेले. ते रोज वापरतानाही आम्हाला ते कुणाचे हे ठाऊक नव्हते. आमच्या पुस्तकात त्याचे नाव एकाच ठिकाणी होते, पायरीसारख्या आलेख असलेल्या एका फलनाला दिलेले. चार समीकरणांपाशी ते नव्हते, आणि याला तो स्वतःही काहीसा जबाबदार होता. हर्ट्झने त्या रूपाचे श्रेय हेविसाइडला दिले, पण हेविसाइडचे म्हणणे वेगळे होते. दाखवून दिले असते तर मॅक्सवेलला हा बदल मान्य झाला असता, तेव्हा सिद्धांताला मॅक्सवेलचेच नाव असू द्यावे.