स्निग्ध द्रव्यांचा निरोप

तूप, तेल, लोणी हे स्वयंपाकघरांतले नित्याचे पदार्थ. पोटांत गेल्यावर त्यांचें काय होतें, ह्या प्रश्नास विसाव्या शतकाच्या आरंभीं शास्त्रज्ञ एक ठरीव उत्तर देत असत. स्निग्ध द्रव्य म्हणजे देहाचें सरपण. जळलें तर ऊब, उरलें तर सांठा. शिवाय साखर व पीठ ह्यांपासून शरीर स्वतःच चरबी बनवितें. तेव्हां जीवनसत्त्वें मिळालीं म्हणजे आहारांत स्निग्धांश नसला तरी अडत नाहीं, असा समज होता.

ह्या समजाला पहिला धक्का इ. स. १९२९ मध्यें बसला. अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत जॉर्ज बर्र व त्यांच्या पत्नी मिल्ड्रेड बर्र ह्यांनीं उंदरांस स्निग्धांशविरहित अन्नावर ठेविलें. जीवनसत्त्वांची उणीव त्यांनीं राहूं दिली नव्हती. तरीहि उंदरांच्या शेपटीवर खवले आले, वाढ खुंटली आणि ते मरूं लागले. आहारांत थोडी चरबी घालतांच ते सुधारले. पुढच्या वर्षीं ह्या उभयतांनीं दाखविलें कीं, खरा गुण लिनोलेइक आम्लाचा आहे. करडईच्या तेलांत तें विपुल असतें; शरीराला मात्र तें बनवितां येत नाहीं. परंतु इतक्या अल्प द्रव्यावांचून जीव कां जावा, हें कोडें पुढें पस्तीस वर्षें सुटलें नाहीं.

त्याच सुमारास दुसरीकडे एक निराळाच धागा हातीं आला होता. १९३० सालीं न्यूयॉर्कच्या कुर्झरॉक व लीब ह्यांस आढळलें कीं, मानवी वीर्याचा स्पर्श होतांच गर्भाशयाचा स्नायु कधीं आकुंचन पावतो, तर कधीं सैल पडतो. इंग्लंडांत गोल्डब्लॅट व स्वीडनमध्यें उल्फ फॉन ऑयलर ह्यांनींहि स्वतंत्रपणें असाच प्रभाव पाहिला. हें द्रव्य प्रोस्टेट ग्रंथींतून येतें असें वाटल्यावरून ऑयलर ह्यांनीं त्यास ‘प्रोस्टाग्लँडिन’ असें नांव दिलें. तें मुख्यतः शेजारच्या दुसऱ्या ग्रंथींतून येतें, असें पुढें ठरलें. तरी नांव तेंच राहिलें.

१९४५ सालीं ऑयलर ह्यांनीं आपल्या संग्रहांतील अर्क तरुण रसायनज्ञ सुने बर्गस्ट्रॉम ह्यांच्या हवालीं केला. मेंढ्यांच्या ग्रंथींपासून कणाकणानें द्रव्य जमवून त्याचे स्फटिक हातीं येण्यास १९५७ साल उजाडलें. १९६२ पर्यंत बर्गस्ट्रॉम, बेंग्ट सॅम्युएल्सन व त्यांचे सहकारी ह्यांनीं त्याची घडणहि उकलली. तें एक स्निग्ध आम्लच निघालें! १९६४ मध्यें स्वीडन व हॉलंड ह्या दोन्ही देशांतून सिद्ध झालें कीं, लिनोलेइक आम्लापासून शरीरांत बनणाऱ्या अ‍ॅरॅकिडॉनिक आम्लांतून प्रोस्टाग्लँडिन निर्माण होतें. बर्र दांपत्याच्या कोड्याचा एक मोठा भाग असा उलगडला.

ह्या व्यवहाराची रीत मोठी चमत्कारिक आहे. पेशीच्या आवरणांत हें आम्ल जखडलेलें असतें. इजा झाली किंवा बाहेरून सूचना आली म्हणजे एक एन्झाइम तें मोकळें करतें आणि दुसरें त्याचें प्रोस्टाग्लँडिनमध्यें रूपांतर करतें. तें शेजारच्या पेशींस निरोप देतें आणि लौकरच नाश पावतें. ताप, सूज व ठणका ह्यांच्या मागें हाच निरोप्या असतो.

अ‍ॅस्पिरिन तर १८९९ पासून बाजारांत होतें. पण तें ताप कां उतरवितें, हें १९७१ पर्यंत कोणास ठाऊक नव्हतें. त्या वर्षीं लंडनच्या जॉन व्हेन ह्यांनीं दाखविलें कीं, अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच थांबवितें. १९८२ सालचें नोबेल पारितोषिक बर्गस्ट्रॉम, सॅम्युएल्सन व व्हेन ह्यांना मिळालें. तें पाहण्यास ऑयलर हयात होते.

परंतु निरोप्याचें तोंड बंद करणें हा खेळ नव्हे. १९७५ मध्यें सॅम्युएल्सन ह्यांना त्याच आम्लापासून होणारें थ्रॉम्बॉक्सेन सांपडलें. तें रक्त गोठविण्यास साह्य करतें. १९७६ मध्यें व्हेन ह्यांच्या चमूला प्रोस्टासायक्लिन मिळालें. तें नेमकें उलट कार्य करतें. रक्तवाहिनींतील समतोल ह्या दोघांवर अवलंबून असतो. अ‍ॅस्पिरिनच्या अल्प मात्रेनें पहिल्याचें पारडें हलकें होतें, म्हणून हृदयरोग्यांस तें दिलें जातें. उलटपक्षीं, रोफेकॉक्सिब हें सांधेदुखीवरचें औषध मुख्यतः दुसऱ्याला अटकाव करी. हृदयविकाराचे झटके वाढल्याचें दिसून आल्यानें २००४ सालीं तें बाजारांतून मागें घ्यावें लागलें.

जठराच्या अस्तराचें रक्षणहि प्रोस्टाग्लँडिनच करतात. म्हणूनच अ‍ॅस्पिरिनच्या अतिसेवनानें पोटांत रक्तस्राव होतो. डोकें दुखलें कीं गोळी घेणें हा घरोघरचा परिपाठ झाला आहे. ती गोळी केवळ डोक्यापुरती थांबत नाहीं. रोजच्या सेवनापूर्वीं वैद्याचा सल्ला घ्यावा, एवढा व्यवहारी बोध तरी ह्या इतिहासांतून घेण्यासारखा आहे.