रात्रीचा श्वास, सकाळची साखर

मधुमेहाच्या रुग्णाला आपण जेवणाचे विचारतो, चालण्याचे विचारतो, आईवडिलांना साखर होती का तेही विचारतो. रात्री घोरता का, हे सहसा राहून जाते. विचारलेच, तर ज्या व्यक्तीला उत्तर ठाऊक असते ती बहुधा बाहेर बाकावर बसलेली असते. या विषयात नव्याने येणाऱ्या मित्रांनो, तिला आधी आत बोलवा.

झोपेत घशाचे स्नायू सैलावतात आणि काहींचा श्वासमार्गच मिटतो. छाती हलत राहते, पण हवा आत जात नाही. असा अडथळा किमान 10 सेकंद टिकला की त्याची नोंद होते. ताशी 5 नोंदींपासून स्लीप ॲप्निया धरतात. 30च्या पुढे तो तीव्र. दर खेपेला रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, ॲड्रेनलिन उसळते. यकृत साखर सोडू लागते, चरबीतली मेदाम्ले रक्तात उतरतात आणि स्नायू इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत. मरियम लुई व नरेश पंजाबी यांनी 2009 मध्ये निरोगी, जाग्या स्वयंसेवकांना पाच तास ऑक्सिजनचे असे चढउतार दिले. तेवढ्यानेच इन्शुलिनची परिणामकारकता सुमारे 17 टक्क्यांनी घटली.

महाराष्ट्रातली दोन कामे मात्र शेजारी ठेवून वाचा. दोन्ही 2004 ची. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात नेहमीच्या तपासणीसाठी आलेल्या 35 ते 65 वयाच्या पुरुषांत डॉ. झरीर उदवाडिया यांना 19.5 टक्के जणांच्या झोपेत श्वासाचा बिघाड आढळला. दिवसा पेंगही येणारे 7.5 टक्के होते. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच छायाचित्रे छापली. दोघांचा बीएमआय 22.3 च, पण याज्ञिकांच्या अंगात चरबी 21.2 टक्के, युडकिनांच्या 9.1. चरबी अशी लपलेली असू शकते, म्हणून अंगाने किरकोळ दिसणाऱ्या माणसाला घोरण्याबद्दल विचारायचे टाळू नये, असे माझे ठाम मत आहे.

लठ्ठपणा दोन्ही आजारांच्या मुळाशी असतो, त्यामुळे कारण व परिणाम वेगळे काढणे अवघड जाते. विस्कॉन्सिनच्या 2005 च्या अभ्यासात दोन्ही आजार एकत्र आढळले, पण पोटाचा घेर हिशेबात घेतल्यावर पुढच्या चार वर्षांत नव्याने होणाऱ्या मधुमेहाशी ठोस दुवा उरला नाही. उपचाराचेही तसेच. कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये मांडलेल्या सीपॅपने, म्हणजे मुखवट्यातून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणाऱ्या यंत्राने, मधुमेहींची एचबीए१सी (सरासरी साखरेचे माप) उतरतेच असे अनेक चाचण्यांत दिसले नाही. पण लोक मुखवटा तीन-चार तासांत काढून ठेवतात, आणि स्वप्नांची झोप, जिच्यात घसा सर्वांत सैल असतो, ती पहाटेकडे अधिक असते. शिकागोत 2015 मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना दोन आठवडे रोज आठ तास सीपॅप लावला, तेव्हा ग्लुकोज चाचणीला शरीराने दिलेला प्रतिसाद सुधारला. नव्या अभ्यासकाला पुष्कळ काम आहे ते इथे.

लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम स्थापून श्वास प्रयोगशाळेत मोजायला घेतला. त्यामुळे इकडे हमखास विचारतात, प्राणायामाने हे बरे होईल का? कुंभक, म्हणजे प्राणायामात श्वास रोखणे, जागेपणी, स्वेच्छेने केलेला असतो. झोपेतल्या श्वासरोधात घसा आपल्या ताब्यात नसतो. प्राणायाम जरूर करावा, पण त्याच्या भरवशावर सीपॅप बंद करू नये.

तुंगार्लीजवळून द्रुतगती मार्ग जातो. त्यावरचा एखादा ट्रकचालक तुमच्याकडे उपाशीपोटीची चढी साखर घेऊन आला, तर गोळी वाढवण्याआधी गाडी चालवताना डोळा लागतो का ते विचारा, मानेचा घेर मोजा आणि त्याची झोप तपासून घ्या.

तुंगार्ली, लोणावळा