पाच वर्षांचा सूत्रधार

दिवाळी आणि नाटक यांचे नाते मराठी माणसाला निराळे समजावून सांगायला नको. पहाटेच्या अभ्यंगस्नानानंतर फराळाचे ताट पुढे यावे आणि घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याने ‘सौभद्रा’तले पद गुणगुणू लागावे, असे चित्र पूर्वी कितीतरी घरांतून दिसे. पद सर्वांच्या ओठांवर, पण ज्याने ते रचले त्या माणसाला रंगभूमीवर मोजून किती दिवस मिळाले, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग पुण्यात झाला आणि २ नोव्हेंबर १८८५ रोजी अण्णासाहेब वारले. पाच वर्षे आणि वर दोन दिवस! एवढ्या अवधीत एखाद्या शाळेची इमारतदेखील धड उभी राहत नाही. या गृहस्थाने एक कंपनी उभी केली आणि मराठी संगीत नाटकाला कायमचे घर बांधून दिले.

बळवंत पांडुरंग किर्लोस्कर यांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी बेळगाव भागातल्या गुर्लहोसूर गावी झाला. योगायोग असा की, त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला विष्णुदास भाव्यांनी सांगलीकर पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवरा’चा खेळ केला. मराठी रंगभूमी आणि तिला गायला लावणारा माणूस असे एकाच वर्षी जन्मले.

भाव्यांच्या खेळात गाणे नव्हते असे नाही. गाणे होते, पण ते सगळे सूत्रधाराचे. तो बाजूला उभा राहून टाळमृदंगाच्या साथीत पदे म्हणे, पात्रे त्यांवर हावभाव करीत आणि सुचतील तशी भाषणे ठोकीत. राक्षस आले की ‘अललडुर्र’ आरोळ्यांनी मांडव दणाणून जाई. सीतेला रडू आले तरी रडण्याचे गाणे सूत्रधाराच्याच गळ्यातून निघायचे! पुढे शिकलेली मंडळी नाटके लिहू लागली. विनायक जनार्दन कीर्तन्यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१ चे. या बुकिश नाटकांत संवाद लिहून, घोकून, नीटनेटके बोलले जात, पण गाणे हद्दपार झाले. एकीकडे गाणे होते तर संहिता नव्हती, दुसरीकडे संहिता होती तर गाणे नव्हते.

अण्णासाहेबांनी या दोन वेगळ्या चुली एक केल्या. पुण्यात शिकायला आले तेव्हापासूनच त्यांना पुस्तकांपेक्षा नाटकाची ओढ अधिक. बेळगावात त्यांनी १८६६ च्या सुमारास भरतशास्त्रोत्तेजक मंडळी काढली, काही काळ मास्तरकी केली आणि मग रेव्हिन्यू कमिशनरच्या कचेरीत चिकटले. पुण्यात एका पारशी मंडळीचा संगीत खेळ त्यांनी पाहिला आणि असे नाटक मराठीत का होऊ नये, या विचाराने त्यांना घेरले, असे सांगतात. वास्तविक मुंबईत त्रिलोकेकरांनी त्याच्या आदल्याच वर्षी गाणारा नलराजा रंगभूमीवर आणला होता. तेव्हा ‘पहिले’पणाचा मान कोणाचा, यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. गाणाऱ्या नाटकाची रीत मात्र अण्णासाहेबांनी पाडली.

बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाटकगृहात त्या रात्री ‘शाकुंतला’चे पहिले चारच अंक झाले. पुढे सातही अंक बसले आणि पदांची संख्या दोनशेच्या आसपास गेली. सूत्रधार स्वतः अण्णासाहेबच, पण नांदी आणि प्रवेशाचे सोपस्कार आटोपले की ते बाजूला होत. मग दुष्यंताचे दुःख दुष्यंत गाई आणि शकुंतलेचे शकुंतला. मला यातच या माणसाचे सारे मोठेपण दिसते. ज्या सूत्रधाराच्या हाती सगळे गाणे होते, त्याच्याच जागी उभे राहून त्यांनी ते पात्रांना वाटून दिले.

इटलीतल्या ऑपेरात नाटक बहुधा आरंभापासून अखेरपर्यंत गाण्यातच चालते. अण्णासाहेबांनी तसे केले नाही. बोलता बोलता बोलणे अपुरे पडले की माणूस गाऊ लागतो, ही त्यांची रीत. चालीही त्यांनी परक्या आणल्या नाहीत. साकी, दिंडी आणि कीर्तनातले वळण, लावणीचा ठसका, बायकांच्या गाण्यांचा गोडवा, शिवाय जन्मभूमीच्या कानडी चाली. ऐकणाऱ्याला पद नवे वाटे, चाल मात्र माहेरची.

१८ नोव्हेंबर १८८२ रोजी ‘सौभद्र’ आले. त्यात द्वारकेचे यादव आहेत खरे, पण बलरामदादा बहिणीचे लग्न भलत्याच ठिकाणी ठरवून बसला आहे, धाकटा कृष्ण गुपचूप सूत्रे हलवतो आहे, वहिनी मधे आहे आणि नवरदेव संन्याशाच्या वेषात घरात येऊन राहिला आहे. असले घर कोणत्या मराठी आळीत नव्हते? घरंदाज प्रेक्षकांना या नाटकात आपलेच घर दिसले, ते उगीच नव्हे.

या नाटकातली सुभद्रा त्यांनी बडोद्याहून आणली. भाऊराव कोल्हटकर तिथे कचेरीत नोकरीला होते. विशीच्या आतबाहेरचा हा मुलगा पुढे साऱ्या महाराष्ट्राचा लाडका ‘भावड्या’ झाला. मोरोबा वाघोलीकर आणि बाळकोबा नाटेकर हे गवई नट कंपनीत होतेच. नाटकवाल्याला समाजात मान नव्हता, घरची माणसे नाक मुरडीत. अशा काळात अण्णासाहेबांनी स्वतः सरकारी नोकरीवर पाणी सोडले आणि कंपनी हाच संसार मानला. लिहिणारे तेच, चाली बांधणारे तेच आणि तालीममास्तरही तेच.

‘रामराज्यवियोग’ मात्र पुरे झाले नाही. १८८४ मध्ये त्याचे तीन अंक रंगभूमीवर आले आणि पुढच्या वर्षी कर्ता गेला. वय अवघे बेचाळीस.

मी वर्षानुवर्षे शाळेत शिकवीत आलो आहे. मास्तर वर्गात असताना मुले शांत बसतात, यात विशेष काही नाही. मास्तर रजेवर असताना वर्ग कसा चालतो, त्यावर मास्तराची परीक्षा होते. अण्णासाहेबांचा वर्ग चालला. शंकरराव मुजुमदारांनी व्यवस्था पाहिली, भाऊरावांनी गाणे सांभाळले आणि अण्णासाहेबांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांनी तालमी घेतल्या. १८९९ मध्ये देवलांची ‘शारदा’ आली, तेव्हा जरठकुमारी विवाहाचे दुःख त्या मुलीने स्वतःच्या तोंडाने सांगितले. दुष्यंत-शकुंतलेला मिळालेला गळा ब्राह्मण आळीतल्या गरीब पोरीपर्यंत पोचला. १९०१ मध्ये भाऊराव गेले, तरी कंपनी मोडली नाही. १९०५ मध्ये बालगंधर्व आले, १९११ मध्ये खाडिलकरांचे ‘मानापमान’ गाजले. १९१३ मध्ये बालगंधर्वांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली आणि १९१८ मध्ये दीनानाथ मंगेशकरही निघाले, बळवंत संगीत मंडळी घेऊन. किर्लोस्कर मंडळी पुढे थकली आणि संपली. पण लेकी सासरी जाऊन नांदत्या झाल्या म्हणजे माहेर बुडाले असे कोण म्हणेल?

एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पुढच्या काळात ‘वन्स मोअर’च्या गजरात तानांचा पूर आला, नाटके उजाडेपर्यंत लांबली आणि पात्र मागे पडून गवई पुढे आला. त्याचा दोष काही जण अण्णासाहेबांच्या माथी मारतात. तो न्याय नव्हे. त्यांचे पद बोलण्याच्या हाकेला ‘ओ’ देत येई आणि काम झाले की परत जाई. थांबायचे कुठे, हे त्यांना नेमके कळे.

दर वर्षी ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो, तो भाव्यांच्या नावाने. त्याच्या आगेमागे, बहुधा दिवाळीच्याच दिवसांत, ३१ ऑक्टोबर आणि २ नोव्हेंबर या दोन तारखा येतात. अण्णासाहेबांचे सारे आयुष्यकार्य या दोन तारखांमध्ये मावले. यंदा घरात कुणी ‘सौभद्रा’तले पद म्हणू लागले, तर पोराटोरांना जवळ बोलावून एवढे अवश्य सांगावे.