मायफ्लॉवर हॉटेलातील दूरध्वनी

मद्यपाशातून सुटू पाहणाऱ्यांच्या सभा आज अनेक चर्चच्या सभागृहांत भरतात. मे १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरी मात्र अशी सभा शोधूनही सापडली नसती. न्यूयॉर्कचा दलाल बिल विल्सन तेथे आला, तेव्हा त्याला दारू सोडून जेमतेम पाच महिने झाले होते. धंद्यातला डाव फसलेला. मायफ्लॉवर हॉटेलाच्या दालनात एकीकडे मद्यालयाचा कलकलाट, दुसरीकडे चर्चची नामसूची. त्याने सूचीतील एका धर्मगुरूंना दूरध्वनी केला. त्याला उपदेश नको होता, बोलायला दुसरा मद्यपी हवा होता! त्या धाग्यानेच १२ मे रोजी डॉ. बॉब स्मिथ यांची गाठ पडली. १५ मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर कित्येक तास बसले. त्यांनी १० जूनला अखेरचा घोट घेतला. तोच ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’चा स्थापनादिन मानतात. आमच्या मते चळवळ जन्मली ती त्या दूरध्वनीत.

एरवी इस्पितळे अशा रुग्णांना दारातूनच परतवीत. १९३९ मध्ये अ‍ॅक्रनच्या सेंट थॉमस इस्पितळात धर्मभगिनी इग्नेशिया यांनी त्यांना खाटा मिळवून दिल्या. घरी जाताना त्या प्रत्येकाला येशूच्या पवित्र हृदयाचा बिल्ला देत. अट एकच: पुन्हा पेला उचलण्यापूर्वी तो परत आणून द्यायचा.