‘आवश्यक वाटल्यास’

शासकीय मसुद्यांत एक शब्दप्रयोग वारंवार आढळतो: ‘आवश्यक वाटल्यास’. सेवाकाळात मीही तो अनेकदा, फारसा विचार न करता, लिहिला आहे. या दोन शब्दांनी एखाद्याची उपजीविका कशी अडते, हे मला दक्षिण कोरियातील एका निकालाने दाखवून दिले.

न्यायालयात किंवा नोंदणी कार्यालयात सादर करावयाची कागदपत्रे पक्षकारांसाठी तयार करून देणाऱ्यांचा तेथे एक स्वतंत्र, परवानाधारक व्यवसाय आहे. ही मंडळी वकील नव्हेत. आपल्याकडील दस्तलेखक व अर्जनवीस यांचे ते दूरचे भाऊबंद. कायद्याने या व्यवसायाला दोन दारे ठेवली होती. न्यायालये व अभियोक्ता कार्यालये यांत ठराविक वर्षे काम केलेल्यांना अनुभवावरून पात्रता मिळे. इतरांसाठी परीक्षा होती. मात्र कायद्याखालील नियम सर्वोच्च न्यायालयाने केले होते आणि त्यांत अशी तरतूद होती की, व्यावसायिकांची संख्या वाढवणे आवश्यक वाटल्यास न्यायालयीन प्रशासनाच्या प्रमुखाने सरन्यायाधीशांच्या संमतीने परीक्षा घ्यावी. आवश्यक वाटलेच नाही, तर परीक्षाही नाही! रिक्त जागा निवृत्त कर्मचाऱ्यांतून भरून निघत. दुसरे दार कायद्यात होते; त्याची किल्ली मात्र नियमात अडकली होती.

अशाच एका कार्यालयात काम करून परीक्षेची तयारी करणाऱ्या इसमाने याविरुद्ध दाद मागितली. १९८७ च्या राज्यघटनेनुसार १९८८ मध्ये तेथे स्वतंत्र घटना न्यायालय स्थापन झाले होते. १५ ऑक्टोबर १९९० रोजी त्या न्यायालयाने ही तरतूद घटनाबाह्य ठरवली. कायद्याने सर्वांना दिलेली संधी दुय्यम नियमाने हिरावून घेता येत नाही. तसे केल्याने समानता आणि व्यवसायस्वातंत्र्य या दोन्हींचा भंग होतो, असा निकालाचा आशय होता. सर्वोच्च न्यायालयाने केलेला नियम घटना न्यायालयाला तपासता येतो काय, यावरून मोठा वाद झाला. नियमच थेट मूलभूत हक्कावर आघात करीत असेल, तर तो तपासता येतो, ही घटना न्यायालयाची भूमिका होती.

आपल्या राज्यघटनेतही अनुच्छेद १४ समानतेची आणि अनुच्छेद १९(१)(छ) व्यवसायस्वातंत्र्याची हमी देतो. अनुच्छेद १९(६) व्यावसायिक अर्हता ठरवण्यास मुभा देतो, आणि ती योग्यच आहे. केरळात १९६० पासून दस्तलेखकांसाठी परवाना नियम आहेत. परप्रांतात घर घेताना, अनोळखी लिपीतील खरेदीखतावर सही करणाऱ्या मराठी माणसाला जाणत्या दस्तलेखकाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. परंतु अर्हता तपासणे वेगळे आणि तपासणीच न घेणे वेगळे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला दिसते ते असे: पहिल्याने ग्राहकाचे रक्षण होते, दुसऱ्याने आधीच आत बसलेल्यांचे, आणि त्याची किंमत ग्राहक मोजतो.

कोरियातील त्या नियमामागे कुणाचा दुष्ट हेतू होता असे मी म्हणणार नाही. मसुदा लिहिणाऱ्याला ते शब्द सोयीचे वाटले असतील, जसे मलाही वाटत. आता मात्र मसुद्यात ‘आवश्यक वाटल्यास’ दिसले की मी समासात तीन प्रश्न लिहितो: कोणाला? कधीपर्यंत? आणि न वाटल्यास, बाहेर ताटकळणाऱ्याने कोठे जावे?