किण्व, कळलावी आणि पेशीचे सूत



बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यात दिंद्रुड नावाचे गाव आहे. ज्वारी, हरभरा, कापूस आणि ऊस यांच्या मुलखातले. अशा गावच्या शेतकऱ्याला कुणी विचारले, की तुमच्या दारातली सदाफुली, पावसाळ्यात कुंपणावर चढणारी लाल-पिवळ्या फुलांची कळलावी आणि हरभरा पेरण्यापूर्वी बियाण्याला चोळायचे कार्बेन्डॅझिम हे बुरशीनाशक, या तिन्हींत सारखेपणा काय, तर तो हसेल. आणि त्याचे हसणे रास्तच आहे. हा सारखेपणा समजायला शास्त्रज्ञांनाही दीडशेहून अधिक वर्षे लागली. तो समजला त्यात मोठा वाटा आहे एका अगदी क्षुद्र जिवाचा. पाव फुगवणारे, मळीचा मद्यार्क करणारे, शिंदीला आंबवणारे जे किण्व, म्हणजे यीस्ट, त्याचा.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. जखम भरते, मूल वाढते, केस वाढतात, ते पेशी दुभंगून नव्या पेशी होतात म्हणून. परंतु पेशी दुभंगते ती भाकरीचे दोन तुकडे करावे तशी नव्हे. तिच्या पोटात गुणसूत्रे असतात. माणसाच्या पेशीत ती ४६. विभाजनापूर्वी प्रत्येक गुणसूत्राची एक जोड नक्कल तयार होते, आणि मग एक प्रत इकडे, एक तिकडे अशी चोख वाटणी व्हावी लागते. भावाभावांच्या वाटणीत एखादा बांध इकडेतिकडे झाला तर कोर्टकचेरी तरी करता येते. पेशीच्या वाटणीत चूक झाली तर तिथे अपील नाही. ती पेशी मरते, किंवा क्वचित बेबंद वाढू लागते. कर्करोगाच्या पुष्कळ पेशींत गुणसूत्रांची संख्याच बिघडलेली आढळते.

ही वाटणी करतो कोण? जर्मनीतल्या कील येथील वाल्थर फ्लेमिंग यांनी १८८२ साली या विभाजनाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. दुभंगणाऱ्या पेशीत धाग्यांची एक आकृती दिसे. मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती. अगदी सूत भरलेल्या चातीसारखी. हे धागे गुणसूत्रांना ओढत असावेत, असा तर्क होता. पण पुढे कितीतरी वर्षे वाद राहिला. कारण हे सारे दिसे ते पेशी मारून, रंगवून. मग हे धागे खरोखरीचे, की रंगाने केलेला आभास? शिन्या इनोऊए या जपानी शास्त्रज्ञाने १९५३ साली ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकातून जिवंत पेशीतच ते दाखवले आणि वाद मिटला. १९६३ साली लेडबेटर आणि पोर्टर यांनी वनस्पतींच्या पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा कळले की पेशीतले असले धागे भरीव नसून पोकळ नळ्या आहेत. त्यांना नाव मिळाले मायक्रोट्युब्यूल, आपण सूक्ष्मनलिका म्हणू. एका मिलिमीटरचे चाळीस हजार भाग केले तर एका भागाएवढी त्यांची जाडी!

आता आपल्या कळलावीकडे येऊ. हिच्या कंदाचा आकार नांगरासारखा, म्हणून संस्कृतात ही लांगली. प्रसूतीच्या कळा लावते या समजुतीवरून मराठीत कळलावी. हिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन नावाचे जहाल विष असते. युरोपात हेच द्रव्य कोल्चिकम नावाच्या दुसऱ्या झाडात सापडते. तिकडे ते झाड वातरक्तावर, म्हणजे गाउटवर, फार पूर्वीपासून देत. १८२० साली पेल्तिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांनी त्यातून हे द्रव्य वेगळे काढले. त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १९३०च्या दशकात, नीट ध्यानात आले की कोल्चिसिन दिले की पेशीचे विभाजन अर्ध्यावर अडते. गुणसूत्रे तयार, पण वाटणी होत नाही. मग शिकागोच्या बोरिसी आणि टेलर यांनी उलटा शोध घेतला. हे विष पेशीत नेमके कशाला चिकटते? १९६७ साली त्यांना ते प्रथिन सापडले. पुढच्याच वर्षी हिदेओ मोहरी यांनी त्याचे ट्युब्युलिन असे बारसे केले. सूक्ष्मनलिका बांधल्या जातात त्या या ट्युब्युलिनच्या विटांनी. आणि गंमत अशी, की ही भिंत कायमची नसते. १९८४ साली मिचिसन आणि किर्शनर यांनी दाखवले, की प्रत्येक नळी टोकाशी वाढता वाढता एकाएकी ढासळते, पुन्हा वाढू लागते. जणू अंधारात हात फिरवून ती गुणसूत्र चाचपत असते.

पण कळलावीचे विष कशाला चिकटते हे कळले, तरी पेशीला केव्हा दुभंगायचे हे कोण सांगते, आणि या नळ्या नसल्या तर नेमके काय अडते, हे कसे कळावे? माणसाच्या पेशी शरीराबाहेर जगवणे मोठे जिकिरीचे. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे ही विद्या आत्मसात केली आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. कर्करोगाच्या संशोधनाला त्या पेशी हव्याच होत्या. परंतु एकेक जनुक बिघडवून काय होते ते पाहायचे, तर साखरपाण्यावर वाढणारा, दोन-तीन तासांत दुणावणारा जीव हवा.

तो जीव धान्याच्या बिअरमधून आला. पूर्व आफ्रिकेत बाजरी-ज्वारीसारख्या धान्यांची बिअर करतात. स्वाहिली भाषेत तिला पोंबे म्हणतात. १८९३ साली पाउल लिंडनर यांनी असल्या बिअरमधून एक किण्व वेगळे काढले, त्याच्या नावातही पोंबे हा शब्द राहिला. आपली ज्वारीदेखील मूळची आफ्रिकेचीच. तेव्हा हे आपल्या भाकरीच्या माहेरचेच पाहुणे म्हणायचे. पावाच्या किण्वाला कोंब फुटल्यासारखी कळी येते. हे किण्व मात्र काडीसारखे लांबते आणि बरोबर मध्ये दुभंगते. स्वित्झर्लंडच्या उर्स लॉयपोल्ड यांनी त्याच्या आनुवंशिकतेचा पाया घातला, तर एडिंबरोच्या मर्डॉक मिचिसन यांनी १९५०च्या दशकात त्याच्या वाढीचा आणि विभाजनाचा. हे मर्डॉक म्हणजे आपल्या देशात येऊन राहिलेल्या आणि १९६४ साली भुवनेश्वरला निवर्तलेल्या जे. बी. एस. हाल्डेन यांचे भाचे. आणि वर ज्यांचे नाव आले ते १९८४चे मिचिसन यांचे पुतणे.

त्याच एडिंबरोत १९७०च्या दशकात पॉल नर्स यांना किण्वाचे काही चिमुकले नमुने आढळले. वाढ पुरी होण्याआधीच ते दुभंगत. म्हणजे ‘आता दुभंग’ असे सांगणारे काहीतरी त्यांच्यात बिघडलेले होते. त्या वाटेने जाता सीडीसी-२ हे जनुक महत्त्वाचे ठरले. तिकडे अमेरिकेत लेलंड हार्टवेल पावाच्या किण्वावर असेच काम करीत होते. १९८७ साली नर्स यांच्या प्रयोगशाळेने माणसाचे जनुक या बिघडलेल्या किण्वात घातले, आणि किण्व सुरळीत दुभंगू लागले! माणूस आणि किण्व यांची ताटातूट होऊन शंभर कोटी वर्षांहून अधिक काळ लोटला असेल. तरी किल्ली एकच. २००१ सालचे नोबेल पारितोषिक हार्टवेल, टिम हंट आणि नर्स यांना मिळाले ते याच कामाबद्दल.

आणि धाग्यांचे काय? तो प्रयोग जपानातल्या क्योटोचा. मित्सुहिरो यानागिदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थंडी न सोसणारे किण्व शोधून काढले. २० अंशांवर ते अडे. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची तीन गुणसूत्रे आखडून तशीच थांबलेली दिसत, चातीचा पत्ता नसे. ३६ अंशांची ऊब मिळाली की काही मिनिटांत चाती उभी राही आणि वाटणी सुरू होई. १९८४ साली सिद्ध झाले, की त्याचे बिघडलेले जनुक ट्युब्युलिनच्या एका विटेचेच होते. विष न घालता, केवळ एक वीट कच्ची करून त्यांनी धाग्याचे काम दाखवून दिले.

येथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. कळलावीचे कोल्चिसिन आपल्या पेशीला अडवते, पण किण्वाला त्याचे फारसे काही वाटत नाही. उलट कार्बेन्डॅझिम बुरशीचे आणि किण्वाचे धागे मोडते, आणि पिकाचे फारसे मोडत नाही. धागा एकच, पण विटेच्या घडणीत किंचित फरक. त्या किंचित फरकावर आपले बुरशीनाशक उभे आहे. म्हणून ते माणसाला निर्धोक आहे असे मात्र मुळीच नाही; हातमोजे हवेतच. शिवाय बुरशीच्या विटेत एखादा कण जरी बदलला तरी औषध चिकटेनासे होते. ‘पूर्वी हे औषध लागू पडायचं, आता पडत नाही’ असे शेतकरी म्हणतो, त्यामागे पुष्कळदा हे कारण असते. तेच औषध वारंवार वापरल्याने अशाच बुरशीची निवड होते.

कर्करोगाच्या औषधाला इतकाही फरक मिळत नाही. सदाफुलीतून काढलेली विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही औषधे ट्युब्युलिनलाच चिकटतात. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात विनक्रिस्टिनने फार मोठे काम केले आहे. परंतु कर्करोगाच्या पेशीतली वीट आणि आपल्या धडधाकट पेशीतली वीट जवळजवळ एकच. म्हणून भराभर दुभंगणाऱ्या केसांच्या मुळांना फटका बसतो, केस गळतात. मज्जापेशी तर दुभंगत नाहीत. पण त्यांच्या लांबलचक तंतूंतून मालाची ने-आण होते ती याच नळ्यांच्या रुळांवरून. रूळ उखडले की हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो.

मुंबईच्या आय. आय. टी.त डॉ. दुलाल पांडा यांच्या गटाने २००६ साली हळदीतले कुर्क्युमिनही ट्युब्युलिनला चिकटते असे दाखवले. परंतु परीक्षानळीतली गोष्ट वेगळी आणि रोग्याच्या अंगातली वेगळी. त्यावरून हळद खाऊन कर्करोग हटतो असे कुणी समजू नये. कळलावीचा कंद किंवा सदाफुलीचा पाला घरच्या घरी उगाळून देणे तर जिवावर बेतू शकते. औषध आणि विष यांत येथे फक्त मात्रेचे अंतर आहे, आणि ती मात्रा गुंजेने मोजता येत नाही.

गावाकडून कुणाला ‘टाटाला’ नेतात, सुया सुरू होतात, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत बोटे बधिर होतात. घरचे घाबरतात, कुणी औषधच सोडून देतात. तसे करू नये. औषध ज्या धाग्याला धरते तो धागा बोटांच्या नसांतही आहे, एवढाच त्याचा अर्थ. मात्र ती गोष्ट अंगावर काढू नये. सदऱ्याची गुंडी लावता येईना, चप्पल पायातून निसटते ते कळेना, असे झाले की पुढच्या सुईच्या आधी डॉक्टरांना सांगावे. त्यांना मात्रा कमी-जास्त करता येते.