लहान नाण्यांच्या संग्रहाचे जतन व वर्गीकरण : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
इतिहासाच्या साधनांमध्ये नाण्यांना महत्त्वाचे स्थान आहे. मात्र सोन्याच्या मोहरांकडे जितके लक्ष जाते तितके तांबे, शिसे व पोटीन यांच्या लहान नाण्यांकडे जात नाही. वस्तुतः सामान्य माणसाचा रोजचा व्यवहार याच नाण्यांवर चालत असे. अनेक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांत अशी नाणी एखाद्या डब्यात एकत्र पडलेली आढळतात. त्यांची मांडणी कोणत्या क्रमाने करावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

भंडारा जिल्ह्याची पार्श्वभूमी :
वैनगंगेच्या काठावरील पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव व ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. त्याचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्खननातील नाण्याला थराचा आधार असतो. शेतात सापडून हातोहात फिरलेल्या नाण्याला तो नसतो. म्हणून प्राप्तिस्थानाची नोंद हाच अशा नाण्याचा एकमेव आधार ठरतो. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वीच्या चिठ्ठीवरील 'जि. भंडारा' हे स्थळ आज गोंदिया जिल्ह्यात असू शकते. मूळ चिठ्ठी न बदलता तिच्याखाली आजचा तालुका व जिल्हा लिहावा.

वर्गीकरणाचा क्रम :
सर्वसाधारणपणे राजवंश, राजा, धातू, प्रकार व वजन असा क्रम स्वीकारला जातो. तो योग्यच आहे. पण तो कागदावर असावा, पेटीत नव्हे. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची लहान नाणी मिळाली. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा उमटविला होता. ही नाणी राजानुसार दोन कप्प्यांत विभागली असती, तर एका सत्तेने दुसरीचे चलन किती प्रमाणात आपलेसे केले, हे कळलेच नसते. तऱ्हाळा येथील १९३९ च्या पोटीन नाण्यांच्या निधीचेही तसेच आहे. वा. वि. मिराशी यांनी त्याचा एकत्रित अभ्यास केला, म्हणूनच पुराणांत न आढळणाऱ्या सातवाहन राजांची नावे पुढे आली.

अर्वाचीन नाण्यांनाही हाच नियम लागू होतो. १९४३ ते १९४७ मधील भोकाचा पैसा, १९५७ चा नवा पैसा आणि १९६४ नंतरची अ‍ॅल्युमिनियमची हलकी नाणी एकाच मडक्यात मिळाली, तर ते मडके किती काळ भरत राहिले हे समजते. ती निरनिराळी करताच हा पुरावा नष्ट होतो.

जतन :
चिंच किंवा राख लावून नाणे चकचकीत करू नये. त्यामुळे अक्षरे झिजतात. लाकडातून निघणाऱ्या आम्लवाफांनी शिशावर पांढरी भुकटी चढते, तर पीव्हीसी प्लॅस्टिकमुळे तांब्यावर हिरवा चिकट थर येतो. पूर्व विदर्भातील पावसाळी दमट हवेत तांब्याच्या नाण्यांची विशेष काळजी घ्यावी लागते. प्रत्येक नाणे आम्लरहित कागदाच्या स्वतंत्र पाकिटात, सिलिका जेलसह ठेवावे. पाकिटावर क्रमांक, प्राप्तिस्थान, प्राप्तीचा दिनांक, वजन व व्यास लिहावा. नाणे नेहमी कडेने धरावे.

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. विद्यार्थ्यांनी नाणी आणून दिल्यास ती स्वीकारण्यापूर्वी प्राध्यापकांनी याची जाणीव करून द्यावी.

निष्कर्ष :
चुकलेले वर्गीकरण पुन्हा करता येते, पुसट अक्षर उद्या कोणी वाचू शकेल. परंतु हरवलेले प्राप्तिस्थान परत मिळत नाही. म्हणून नाणी निवडण्याआधी, ती जशी आली तशीच एकत्र मोजून नोंदविणे हे इतिहासाच्या अध्यापकाचे पहिले कर्तव्य होय.